भरतीत शिकावे, ओहोटीत तरावे



लेवीयच्या अकराव्या अध्यायात आज्ञा आहे की, पाण्यातील ज्या प्राण्याला पंख व खवले आहेत तोच खावा. दावीद रहाबी यांनी कोकणात आपल्या स्त्रियांपुढे सरमिसळ मासे ठेवले, तेव्हा त्यांनी बिनखवल्यांचे बाजूला काढले व त्यावरून आपली ओळख पटली, असे परंपरा सांगते. आज मात्र मी ताटातल्या नव्हे, धडा देणाऱ्या एका माशाविषयी लिहीत आहे.

अलिबाग-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडपांतील खळग्यांत पाणी उरते. त्यात बोटाएवढे मासे राहतात. त्यांपैकी एकाला गोबी म्हणतात. तो आपल्या निवटीचा नातलग. त्याच्या जातीचे मासे अरबी आखातातही आहेत. संकट आले की तो एका खळग्यातून उडी मारतो आणि नेमका शेजारच्या खळग्यात पडतो. पाण्यातून तर पलीकडचा खळगा दिसत नाही! मग त्याला कसे कळते?

अमेरिकन शास्त्रज्ञ लेस्टर ॲरन्सन यांनी १९५१ साली याचे उत्तर दिले. भरतीला सारे खडप पाण्याखाली असते, तेव्हा हा मासा वर पोहत फिरतो आणि खोलगट जागा कोठे आहेत ते ध्यानात ठेवतो. पुढे असेही दिसले की ही आठवण सुमारे चाळीस दिवस टिकते.

आपल्या पूर्वजांचेही असेच झाले. नौगावजवळ गलबत फुटले, ग्रंथ गेले, हिब्रू भाषा विसरली. परंतु 'शेमा' ओठांवर राहिला, शब्बाथ पाळला गेला, सुंता चालू राहिली. भरतीत जे मनात उतरले होते, तेच ओहोटीत उपयोगी पडले.

आज आपण इस्रायलात भरतीत आहोत. सिनेगॉग जवळ आहे, सण शाळेतच कळतात. पण मुले कायम येथेच राहतील असे नाही. २०२० च्या करारानंतर दुबईचा मार्गही खुला झाला. त्या शहराच्या खाडीच्या टोकाशी रास अल खोर आहे. तेथे खडप नव्हे, चिखल व तिवरे आहेत; उथळ पाण्यात फ्लेमिंगो चरतात आणि लहान मासे भरती-ओहोटीच्या हिशोबाने जगतात. उद्या आपला नातू नोकरीसाठी अशा परक्या खाडीकाठी एकटा राहिला, तर शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावण्याची आठवण त्याला कोण देईल? घरात जे पाहिले असेल तेच.

माशाची आठवण चाळीस दिवसांची. आपलीही उजळणीवाचून फार टिकत नाही. म्हणूनच कोकणात समुद्र दिवसातून दोनदा भरतो, तसा 'शेमा' सकाळ-संध्याकाळ म्हणावयाचा असतो. आजोबा-आजींनो, मलिदा का करतात, एलियाहू हन्नाबीचे नाव का घेतात, हे नातवंडांना मराठीत असो वा हिब्रूत, पण याच आठवड्यात सांगा. पाणी ओसरू लागल्यावर खडप पाहण्यास वेळ उरत नाही.

परमेश्वर आपणां सर्वांस ही आठवण देवो. आमेन.