मागण्याची रीत

दुसऱ्यापाशी काही मागितल्यावाचून माणसाचा एकही दिवस सरत नाही. कधी पाणी, कधी वाट, कधी मदतीचा हात. मागताना समोरच्याला आपण माणूस म्हणून ओळखतो की आपले काम उरकून देणारे साधन म्हणून, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला क्वचितच विचारतो. कोरियन भाषेतील विनंतीची रीत पाहताना तो आमच्यापुढे उभा राहिला.

कोरियन माणूस पाणी मागताना 'मुल जोम जुसेयो' म्हणतो. 'मुल' म्हणजे पाणी, 'जोम' म्हणजे जरा आणि 'जुसेयो' म्हणजे द्या. शब्दांचा क्रमही आपल्या मराठीसारखाच! दार उघडण्याची विनंतीही तो 'उघडून द्या' अशाच धाटणीने करतो. म्हणजे दुसऱ्याची कृती ही त्याने दिलेली देणगी ठरते. 'जुसेयो'च्या पोटात समोरच्याचा मान राखणारा 'सि' हा प्रत्यय दडलेला आहे. अधिक अदब राखायची तर आज्ञार्थ सोडून 'द्याल का?' असे विचारतात. प्रश्न केला की नकाराला जागा राहते. शिवाय 'बुताक दुरिम्निदा' असा एक प्रयोग आहे. वडीलधाऱ्यांना काही देताना जे नम्र क्रियापद योजतात, तेच येथे विनंतीला लावलेले आहे. 'मी विनंती अर्पण करतो', असा त्याचा भाव. मागणाराही रिकाम्या हाताने येत नाही.

इतकी अदब व्याकरणातच मुरलेली असताना तेथे कुणाचा अवमान होत नसेल, असे वाटेल. परंतु ज्या भाषेत मान देण्याचे प्रत्यय आहेत, तिच्यात मान नाकारण्याचीही सोय असते. ह्या बिनअदबीच्या बोलीला कोरियन लोक 'बान्माल', म्हणजे 'अर्धी भाषा', म्हणतात. मित्रामित्रांत ती जिव्हाळ्याची. परक्याच्या तोंडी तीच अपमानाची. जुन्या कोरियात खाटकाचा धंदा करणाऱ्यांना समाजाच्या तळाशी लोटलेले होते. त्यांच्याशी पोरेसोरेही ह्याच बोलीत बोलत.

ह्वांग इल-ग्वांग सिमोन हा असाच एक खाटीक. ख्रिस्ती झाल्यावर उमराव कुळांतील बंधुजनही त्याला आपल्या घरात इतरांच्या बरोबरीने वागवू लागले. तो म्हणे की आपल्याला दोन स्वर्ग आहेत; एक मरणानंतरचा, आणि दुसरा ह्या माणसांच्या वागणुकीत येथेच लाभलेला. १८०२ साली तो रक्तसाक्षी झाला. १६ ऑगस्ट २०१४ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी सोलमध्ये ज्या १२४ रक्तसाक्षींना धन्यवादित घोषित केले, त्यांत तोही होता.

आजच्या कोरियातील चित्र निराळे, तरी प्रश्न तोच. गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून तेथील उपाहारगृहांतले नोकर कॉफीलाही आदरार्थी क्रियापद लावतात; जणू 'कॉफी आल्या आहेत'! पेयाला मान मिळतो, पण ते आणून देणाऱ्याला मिळतोच असे नाही. गिऱ्हाइकांच्या शिवीगाळीपासून अशा कामगारांचे रक्षण व्हावे म्हणून २०१८ साली तेथे कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

मग सभ्य शब्द पोकळच म्हणायचे काय? आम्हांस तसे वाटत नाही. शब्द हे भांडे आहे. भांड्यावाचून पाणी देता येत नाही, पण नुसत्या भांड्याने तहानही भागत नाही. ज्याला नकार देण्याची मुभा आहे, त्याच्याशी आपण नम्रतेने बोलतोच. ज्याला ती नाही, त्याच्यापाशी मागताना आपल्या सौजन्याची खरी परीक्षा होते.

ही परीक्षा आपल्या घरातही रोज होत असते. आपण देवाला 'तू' म्हणतो, आईला 'तू' म्हणतो, आणि धुणीभांडी करणाऱ्या, आपल्याहून वयाने वडील असलेल्या बाईलाही 'तू' म्हणतो. शब्द एकच. परंतु देव आणि आई आपल्यालाही 'तू' म्हणतात. त्या बाईने उद्या आपल्याला 'तू' म्हटले, तर आपल्या कानांना ते खपेल काय? खपणार नसेल, तर आपले 'तू' जवळिकीचे नव्हे, ती अर्धी भाषाच होय. उद्या सकाळी तिच्याकडे पेलाभर पाणी मागताना 'मावशी, जरा पाणी द्याल का?' एवढे म्हणून पाहावे, आणि ती 'थांबा जरा' म्हणाली, तर खरोखरच थांबावे.