मलपृष्ठ वाचून शिफारस करता?

गप्प बसा. हसण्यासारखं काही झालेलं नाही. ग्रंथालयाच्या फलकासाठी कॅनडातल्या अलीकडच्या एका पुस्तकाची शिफारस लिहून आणा, एवढंच सांगितलं होतं. आणि आणलंत काय? ‘हृदयस्पर्शी’, ‘मनाला भिडणारं’, ‘प्रत्येकानं वाचायलाच हवं’! वरचं नाव झाकलं तर कागद कुठल्या पुस्तकाचा, हे तुमचं तुम्हाला तरी ओळखता येईल का? मलपृष्ठ उतरवून काढायला एम.ए.ला कशाला यायला हवं होतं?

तुझा कागद दे बघू. सुझेट मेयर, ‘द स्लीपिंग कार पोर्टर’, २०२२चं गिलर पारितोषिक. पुढे? ‘वंशभेदाचं भेदक चित्रण.’ अगं, हे वाक्य कुठल्याही पुस्तकाला चिकटव, चिकटेल. साल १९२९, मॉन्ट्रियलहून व्हँकुव्हरला निघालेली गाडी, तीत बॅक्स्टर नावाचा कृष्णवर्णीय पोर्टर. प्रवासी त्याला ‘जॉर्ज’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी सगळेच पोर्टर जॉर्ज. ते झोपले की हा त्यांचे बूट चमकवत बसतो. त्याला दंतवैद्य व्हायचंय, बक्षिसीतून फी साठवायचीय. आणखी थोडे ठपके पडले की नोकरी गेली. दरड कोसळून गाडी अडकते आणि जागून जागून त्याला नसलेल्या गोष्टी दिसायला लागतात. त्याचा जीव पुरुषांवर जडतो, हे तर तू गाळलंसच. लाज वाटली, की मलपृष्ठावर नव्हतं?

मागचा बाक, उभे राहा. तुम्हाला टोरांटोला जायचंय ना? शेजारच्या ब्रॅम्प्टनमधलं खोलीभाडं तोंडपाठ आहे. पण केट बीटनचं ‘डक्स’ निवडलंत ते चित्रांचं पुस्तक लवकर संपतं म्हणून! शैक्षणिक कर्ज फेडायला केप ब्रेटनची ही मुलगी अल्बर्टात, तेलवाळूच्या खाणींवर कामाला गेली. कर्ज काढून निघालेल्यांनी तरी हे नीट वाचायला हवं होतं. पुरुषांनी भरलेल्या कामगार-छावण्यांत तिच्यावर काय काय गुदरलं, अगदी बलात्कारासकट, ते तिनं काळ्या-करड्या चित्रांत मांडलंय. आणि तरी त्या सगळ्या पुरुषांना राक्षस ठरवून ती मोकळी झालेली नाही. घरदार सोडून आलेले तेही एकटेच होते, हे ती विसरत नाही. मला त्या पुस्तकातलं सगळ्यात अवघड काम हेच वाटतं. २००८ साली तिथल्या सांडपाण्याच्या तळ्यात शेकडो बदकं मेली, नाव तिथून आलंय. तुमच्या कागदावर काय आहे? ‘चित्रं छान आहेत.’

रोहिंटन मिस्त्री कुणी आणला? ‘सच अ लाँग जर्नी’ १९९१चं आहे. मुंबई विद्यापीठानं ते २०१० साली अभ्यासक्रमातून काढलं, त्यावरची भांडणंसुद्धा आता जुनी झाली. अलीकडचं म्हटलं होतं मी.

कवितेचा कागद एकच. बिली-रे बेलकोर्ट, २०१८चं ग्रिफिन पारितोषिक. शेरा: ‘कळायला अवघड.’ खरं बोललास, बस. पण अवघड आहे म्हणून सोडून देऊ नकोस. तो अल्बर्टातल्या ड्रिफ्टपाइलचा, क्री समाजातला. त्याचं ‘अ हिस्टरी ऑफ माय ब्रीफ बॉडी’ हे आत्मपर लेखन आधी घे. सुरुवातीलाच आजीला लिहिलेलं पत्र आहे. मग कवितेकडे परत ये.

एक कागद मी बाजूला ठेवलाय. सुवांखम थम्मावोंगसाचा कथासंग्रह, ‘हाउ टू प्रोनाउन्स नाइफ’, २०२०. कागद लिहिणारीनं त्यातल्या एकाच कथेबद्दल लिहिलंय: रात्री शेतात गांडुळं वेचणारी लाओसची आई, आणि मुलीसोबत आलेला पोरगा पुढे त्या आईवरच मुकादम होतो. खाली एक ओळ: ‘गोड शेवट हवा असेल त्यांनी घेऊ नये.’ पुस्तक कुणी घेऊ नये हेही सांगता आलं पाहिजे, आणि ते वाचल्याशिवाय सांगता येत नाही.

हा कागद फलकावर जाईल. बाकीचे आपापले घेऊन जा. सोमवारी नवे आणा, पुस्तक वाचून. ‘हृदयस्पर्शी’ दिसलं, तर पुढचं न वाचता परत करीन.