पेठ वसवणे आणि पेठ सजवणे

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी गेल्यास तेथील जुन्या बाजारपेठेचे सुशोभीकरण झाल्याच्या खुणा हटकून दृष्टीस पडतात: मुख्य रस्त्याच्या दोहों बाजूंस बसवलेले लाल-करडे पेव्हर ब्लॉक, बिडाचे भासावेत असे रंगवलेले दिव्यांचे खांब, उद्घाटनानंतर क्वचितच उडालेले चौकातील कारंजे आणि या सर्व कर्तृत्वाचे श्रेय कोणाकोणाचे याची नोंद करणारी संगमरवरी कोनशिला. एवढा खर्च होऊनही ज्या दुकानांच्या फळ्या लागलेल्या होत्या त्या लागलेल्याच राहतात; आणि मग कारभारी अज्ञ आहेत किंवा ठेकेदाराशी त्यांचे संगनमत आहे, असा निर्णय देऊन आपण मोकळे होतो. तसे कोठे घडत नसेल असे मी म्हणणार नाही. परंतु जेथे सचोटीचा नगराध्यक्ष आणि कर्तबगार मुख्याधिकारी लाभले तेथेही पेठेची अवकळा थांबत नाही, याचा अर्थ दुखणे अधिक खोल आहे. ज्या निर्णयांवर पेठ जगते वा मरते ते घेण्याचा अधिकार नगरपरिषदेस नाही. तिला जो अधिकार आहे त्यातून पेठ फार तर सजवता येते.

पेठ वसवणे हा एके काळी राज्यकारभाराचाच भाग होता. अठराव्या शतकात मराठी मुलखात नवी पेठ बसवावयाची झाल्यास सरकारातून कौल दिला जाई. उदमी आणि कारागीर लोकांनी येऊन घरे-दुकाने बांधावीत, आरंभीची काही वर्षे त्यांना जकात, मोहतर्फा आदी करांची माफी अथवा सूट मिळावी, असा त्या कौलाचा साधारण आशय असे. आणि वस्ती आणून ती नांदती राखण्याची जबाबदारी ज्या शेटे-महाजनांवर टाकली जाई, त्यांना मोबदल्यादाखल वतनी हक्क मिळत. सरकार आधी सोडी आणि मग घेई. ही दृष्टी पेशवाईबरोबर लोपली नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरास शाहूपुरीची व्यापारपेठ उभी केली आणि १९१७ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्गालगत, आपल्या जनक पित्याच्या नावे, जयसिंगपूर वसवले, तेव्हा माणूस कोठे उतरेल आणि माल कोठून चढेल याचा विचार आधी झाला. तेथील गल्ल्यांना आजही क्रमांकच आहेत. पत्ता सांगणारा सहावी गल्ली, सातवी गल्ली असे सहज बोलून जातो. अर्थात हे राज्यकर्ते सर्वाधिकारी होते, आणि त्यांच्या काळाची हळहळ वाटून घेण्याचे मला कारण नाही. पण लोहमार्ग, जमीन, कर आणि वस्ती यांविषयीचे निर्णय एकाच हातून होत असत, एवढे मात्र खरे.

आजची नगरपरिषद ही निराळ्या वंशातली संस्था. १८५०चा कायदा, लॉर्ड रिपनचा १८८२चा ठराव आणि महाराष्ट्राचा १९६५चा नगरपरिषद अधिनियम अशी तिची वंशावळ सांगता येते. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अठरा विषय लिहून ठेवले आणि त्यांत नगरनियोजनास पहिले स्थान दिले. परंतु अनुसूचीत विषय लिहिणे आणि दप्तर हाती देणे यांत केवढे अंतर आहे, हे ज्याने मंजुरीसाठी जिल्हाधिकारी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यास विचारावे. त्यात १९९९ साली नगरपरिषदांची जकात रद्द झाली. जकात हा जाचक कर होता. नाक्यावर तिष्ठणाऱ्या मालमोटारींच्या रांगा आणि नाक्यावरील चिरीमिरी आठवणारा कोणीही तिच्यासाठी अश्रू ढाळणार नाही. तथापि तिच्यात एक गुण होता, ज्याकडे तिच्या टीकाकारांचे लक्ष गेले नाही: पेठेत माल अधिक आला की नगरपरिषदेची तिजोरी अधिक भरे, आणि पेठ मंदावली की कारभाऱ्यांच्या पोटात गोळा उठे. जकातीऐवजी मिळू लागलेले सहायक अनुदान सेवकांच्या पगारापुरते येते, आणि पेठ चालो वा न चालो, येते. बाजाराच्या भरभराटीत नगरपरिषदेचा जो प्रत्यक्ष स्वार्थ गुंतलेला होता तो अशा रीतीने सुटला.

उरली ती मालमत्ता, तिच्यावरील पट्टी आणि तिचे भाडे. म्हणून जुनी मंडई पाडून व्यापारी संकुल उभारण्याची कल्पना गावोगाव निघाली. त्याचे स्वरूप सर्वत्र इतके सारखे असते की एकाचे वर्णन सर्वांस लागू पडावे. तळमजल्याच्या गाळ्यांचा लिलाव होतो, अनामत रकमेचे आकडे वर्तमानपत्रात छापून येतात, ती रक्कम भरण्याची ऐपत असलेला धनिक गाळा घेतो आणि पोटभाडेकरू ठेवतो. पहिल्या मजल्यावर गिऱ्हाईक चढत नाही. तेथे एखादी शिकवणी, एखादी पतसंस्था आणि पुष्कळशी कुलुपे दिसतात. मंडईच्या जुन्या ओट्यावर चार जुड्या मेथी आणि पाटीभर वांगी घेऊन बसणाऱ्या बाईस मात्र या इमारतीत जागा नसते. ती संकुलाच्या दारातच गोणपाट अंथरते, बाजारबैठकीचा ठेका घेतलेल्या माणसास रोजची पावती देते आणि अतिक्रमण हटाव पथक आले की तीच पावती त्यांना दाखवते. पथविक्रेत्यांविषयीचा २०१४चा कायदा अशा प्रत्येक विक्रेत्याची नोंद करावी आणि नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांतूनच घ्यावेत असे सांगतो. त्या कायद्याच्या मागे संकुलाच्या ठरावामागे असतो तसा उत्साह मात्र फारसा दिसत नाही.

परंतु संकुलापेक्षाही जो घाव खोल बसला तो दुसऱ्याच हातांनी घातला. तालुक्याची पेठ मुख्यतः तारखेला आलेल्या माणसावर जगत असे. तो सकाळच्या एसटीने येई; अर्जनवीसाकडून दरखास्त लिहून घेई, स्टँप घेई, कचेरीत वा कोर्टात हजेरी लावी, आणि साहेब जेवावयास गेले की त्या दोन तासांत कोयत्याला धार लावणे, बैलाची वेसण पाहणे, सोनाराकडे मोडीचा भाव विचारणे, लेकीच्या बस्त्याचा अंदाज घेणे ही सारी कामे उरकी. कचेरी, कोर्ट, दवाखाना, स्टँड आणि पेठ ही पाच ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, यात पेठेचे सारे अर्थशास्त्र सामावलेले होते. पुढे मध्यवर्ती प्रशासकीय इमारतीसाठी बाह्यवळणाकडेला प्रशस्त जागा निघाली, तिच्यामागे न्यायालय गेले, आणि थोड्याच वर्षांत रिक्षा, झेरॉक्स आणि चहाच्या टपऱ्याही तिकडे गेल्या. जागा सार्वजनिक बांधकाम खात्याने पाहिली, मंजुरी मंत्रालयाने दिली, स्टँडचा निर्णय एसटी महामंडळाने घेतला, रस्त्याचा महामार्ग खात्याने. यांपैकी कोणीही पेठेचे काय होईल असे नगरपरिषदेस विचारले नाही, आणि विचारले असते तर तिने, मला भीती वाटते, नव्या इमारतीच्या अपेक्षित मालमत्ता पट्टीचा हिशेब करून आनंदाने संमती दिली असती.

हे केवळ आपलेच दुर्दैव नव्हे. इंग्लंडात मँचेस्टरनजीकचे ऑल्ट्रिंगम हे १२९० सालच्या सनदेचे बाजाराचे गाव. १९९८ साली जवळच ट्रॅफर्ड सेंटर नामक प्रचंड मॉल उघडला आणि २०१०च्या सुमारास गावातील दुकानांपैकी जवळजवळ एकतृतीयांश ओस पडली. आज त्या गावाच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय २०१४ साली नव्याने उघडलेल्या जुन्या मार्केट हॉलला, म्हणजे तेथील लांब बाकांना आणि खाद्यपदार्थांना, दिले जाते, आणि ते वाजवी आहे. परंतु त्याच वर्षी रेल्वे, ट्राम आणि बस यांचे एकत्रित स्थानक नव्याने बांधून झाले आणि पुढच्याच वर्षी नवे रुग्णालय गावाबाहेर न नेता ऐन मध्यवस्तीत उघडण्यात आले, या गोष्टींचा उल्लेख फारसा होत नाही. २०१८ साली इंग्लंडमधील उत्कृष्ट पेठेचा बहुमान त्याच गावास मिळाला. त्याच देशात स्टॉक्टन येथील नगरसंस्थेने तर हमरस्ता आणि नदी यांच्या मध्ये उभे असलेले १९७०च्या दशकातील व्यापारी संकुल स्वतः विकत घेऊन पाडले आणि त्या जागी उद्यान करावयास घेतले. दुकाने संख्येने कमी झाली तरी चालेल, असे उघड म्हणणारी नगरसंस्था आपल्याकडे मी अद्याप पाहिलेली नाही.

अधिकाराची ही फाळणी किती विलक्षण असू शकते, हे चिपळूणने २२ जुलै २०२१ रोजी पाहिले. वाशिष्ठीचा पूर बाजारपेठेत शिरला, तळमजल्याची दुकाने पाण्याखाली गेली आणि ओसरल्यावर कापड, धान्य, औषधे आणि हिशेबाच्या वह्या यांचा एकच चिखल रस्त्यावर काढावा लागला. २००५च्या पुराची आठवण असलेल्या व्यापाऱ्यांना अशा वेळी दुकानाची नवी पाटी नको होती; नदीतील गाळ निघावयास हवा होता. पण नदी नगरपरिषदेची नव्हे, जलसंपदा विभागाची. त्यासाठी नागरिकांना बचाव समिती स्थापून साखळी उपोषणास बसावे लागले, तेव्हा कोठे गाळ उपसण्याच्या कामास गती आली. नंतर आखलेल्या निळ्या व लाल पूररेषांनी जुन्या वस्तीतील बांधकामाचे भवितव्य टांगणीस लागले, त्या रेषाही दुसऱ्याच कचेरीत आखलेल्या. पेठ जेथे उभी आहे तेथील जमिनीचा, पाण्याचा आणि रस्त्याचा मालक तिच्या नगरपालिकेखेरीज दुसराच कोणी असावा, ही स्थिती आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की तिचे आश्चर्यही वाटेनासे झाले आहे.

मग नगरपरिषदेने हात जोडून बसावे काय? कित्येक नगरपरिषदा २०२१-२२ पासून प्रशासकांच्या हाती होत्या. डिसेंबर २०२५च्या निवडणुकांनंतर त्यांत पुन्हा सभागृहे भरू लागली आहेत. त्यांनी कचेऱ्यांच्या स्थलांतराविरुद्ध ठराव करावेत. ते बंधनकारक नसतील, पण दप्तरी राहतील, आणि जागा पाहावयास आलेल्या अधिकाऱ्यास जुन्या कचेरीच्याच आवारात मजले चढवता येतात याची आठवण देतील. मात्र कोणाचीही मंजुरी न मागता करण्याजोगे काम याहून साधे आहे. खेड्यातून बाजारास आलेली स्त्री सकाळी नऊपासून उन्हे कलेपर्यंत पेठेत असते आणि तिच्यासाठी एकही स्वच्छतागृह नसते. असले तर कुलूपबंद असते, आणि किल्ली ठेकेदाराच्या माणसाकडे. अशी स्त्री दिवसभर पाणी पीत नाही, खरेदी घाईने उरकते आणि पुढच्या वेळी यादी देऊन मुलास मोटारसायकलवर बाह्यवळणावरील दुकानात धाडते. बस्त्याचे, भांड्यांचे, बांगड्यांचे गिऱ्हाईक मुख्यतः हेच. पाणी, वीज, दार, कडी आणि दोन पाळ्यांत पगारी सफाईकाम करणाऱ्या दोघी बाया, एवढी तरतूद क वर्गातील नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकातही सहज बसते, आणि कारंज्याच्या पंपापेक्षा ती स्वस्तच पडेल.