तोच हा देवदत्त

आपल्या दर्शनग्रंथांत देवदत्त नावाचा एक पुरुष वारंवार भेटतो. त्याला पूर्वी कोणी एका गावी पाहिलेले असते. पुढे पुष्कळ वर्षांनी तो दुसऱ्याच गावी, वयाने उतरलेला आणि वेषाने पालटलेला असा समोर येतो, आणि पाहणारा म्हणतो की, तोच हा देवदत्त. या उद्गारात काही विशेष आहे असे व्यवहारात कोणास वाटत नाही. पण नैयायिक, बौद्ध आणि वेदान्ती यांनी त्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला, कारण काळाच्या उदरात गेलेला 'तो' आणि डोळ्यांपुढे उभा असलेला 'हा' यांचे ऐक्य कोणत्या प्रमाणाच्या बळावर सांगायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. असे ऐक्य मुळात नाहीच, क्षणाक्षणाला पालटणाऱ्या प्रवाहास आपण एक नाव देऊन ठेवलेले असते, असे बौद्धांनी सांगितले. वेदान्त्यांनी उलट असे दाखविले की, तेव्हाचे गाव आणि तेव्हाचे वय, आताचे गाव आणि आताचे वय, या दोन्हीकडच्या उपाधी बाजूला सारल्या म्हणजे जो उरतो तो एकच असतो. मतदान केंद्रावर बसलेला कर्मचारी ओळखपत्रावरील वीस वर्षांपूर्वीचा चेहरा आणि समोरचे पिकलेले डोके यांच्याकडे आळीपाळीने पाहून अखेर मान डोलावतो, तेव्हा हा वेदान्त्यांचाच न्याय तो नकळत लावीत असतो.

मतदाराने आपली ओळख कागदाने पटवावी की नाही, हा वाद आज अनेक देशांत चालू आहे. इंग्लंडने २०२३ च्या स्थानिक निवडणुकांपासून छायाचित्राचे ओळखपत्र सक्तीचे केले. अमेरिकेतील इंडियाना राज्याचा तसा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरविला, तरी कलह शमला नाही. आपल्याकडे ओळखपत्राची कायदेशीर तरतूद १९५८ पासूनची, परंतु तिला धार आली ती तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या १९९३ च्या हुकुमाने. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेशात यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणाची गणनापत्रके घरोघर पोहोचली, तेव्हा धार आणि देवास येथील पिढीजात मराठी कुटुंबांनाही आपल्या वडिलांची व आजोबांची नावे दोन दशकांपूर्वीच्या यादीत शोधत बसावे लागले. या सर्व प्रकरणात कायद्याचा जो भाग आहे तो कायदेपंडितांनी पाहावा. मला जे विचारावयाचे आहे ते त्याच्याही अलीकडचे आहे. 'तोच हा' असे ठरविण्याचा भार कोणी वाहावयाचा, जो समोर उभा आहे त्याने, की जो विचारतो आहे त्याने?

या प्रश्नाचा माळव्याशी असलेला संबंध जुना आहे. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली, आणि लगेच पुढल्या काही वर्षांत, स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी घरोघर जाऊन मतदारांच्या नोंदी करण्याचे प्रचंड काम सुरू झाले. त्या वेळी असंख्य स्त्रियांनी आपले नाव परक्या पुरुषास सांगण्याचे नाकारले, आणि नोंदी झाल्या त्या अमक्याची आई, तमक्याची बायको अशा. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत, स्त्रीचे स्वतःचे नाव मिळालेच पाहिजे, अन्यथा नोंद रद्द करावी, असे ठरविले. देशातील सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रिया यामुळे यादीबाहेर राहिल्या, आणि त्यांतील बहुतेक ज्या पाच राज्यांतल्या होत्या त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि विंध्य प्रदेश यांच्या जोडीला आमचा मध्य भारतही होता.

सेन यांचे तत्त्व बरोबर होते, याविषयी माझ्या मनात संशय नाही. स्त्री ही कोणाची तरी नातलग म्हणून नव्हे, तर स्वतः म्हणून राज्यकारभारात सहभागी होते, हे प्रजासत्ताकाने पहिल्याच पावलाला बजावून सांगितले, हे त्याचे मोठेपण होय. परंतु त्या २८ लाख स्त्रियांकडे पाहिले म्हणजे त्याच तत्त्वाची दुसरी बाजू दिसते. ज्या बाईला तिच्या गल्लीतील प्रत्येक मूल ओळखत होते, जिच्या हातचे पाणी शेजारपाजार पीत होता, ती दप्तराच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हती. आणि तिचा अपराध काय, तर लहानपणापासून जी मर्यादा हाच धर्म म्हणून तिला शिकविली गेली, ती तिने एका दुपारी दारात आलेल्या कारकुनासमोर मोडली नाही. नाव मागणे न्याय्य होते. नाव मिळाले नाही म्हणून माणूसच नाही असे धरून चालणे, हे मात्र तर्कदृष्ट्याही चूक होते, कारण प्रमाण उपलब्ध नसणे आणि प्रमेय नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आपल्याकडे तर्कशास्त्राच्या पहिल्या पायरीवरच शिकवितात.

आणि हा प्रश्न १९५१ मध्ये संपला असेही नाही. आमच्या समाजात नव्या नवरीचे सासरचे नाव ताटातील तांदळांवर अंगठीने लिहिण्याची चाल आहे. साताऱ्याची किंवा कोल्हापूरची मुलगी देवासला सून म्हणून येते, तेव्हा तिचे स्वतःचे नाव, मधले नाव आणि आडनाव अशी तिन्ही एका दिवसात पालटू शकतात. तिच्या आईवडिलांची नोंद महाराष्ट्राच्या मराठी यादीत, तिची स्वतःची मध्य प्रदेशाच्या हिंदी यादीत, शाळेच्या दाखल्यावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे. आणि अशा स्त्रीला जेव्हा जुन्या यादीतील आईवडिलांशी आपला धागा जोडून दाखविण्यास सांगितले जाते, तेव्हा समाजाने लावलेली उपाधी दूर सारण्याचे काम तिच्या एकटीवर येऊन पडते. देवासच्या थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी महाराज झाले. त्यांचे घराणे बदलले, नाव बदलले, मुलूख बदलला, आणि पूर्वीचे विक्रमसिंहराव ते हेच, याविषयी कोणीही पुरावा मागितला नाही, कारण ते सर्वांस ठाऊक असणे हे दोन दरबारांनी आपले काम मानले होते. राजाच्या बाबतीत समाज जे कर्तव्य आपखुशीने पार पाडतो ते सुनेच्या बाबतीत का पाडू नये?

तथापि ओळखीची मागणीच अन्यायाची आहे असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि मराठी इतिहास जाणणाऱ्या कोणासही तसे होता येईल असे मला वाटत नाही. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनात जो संशय राहिला, त्याच्या आश्रयाने एक पुरुष भाऊसाहेब म्हणून पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या काळात चौकशी होऊन तो खोटा ठरला आणि कैदेत पडला. पण १७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यातून सुटताच कोकणात सहस्रावधी माणसे त्याच्याभोवती जमली, किल्ले त्याच्या हाती गेले, आणि पुन्हा चौकशी होऊन त्या वर्षाच्या डिसेंबरात पुण्यास त्याला देहदंड होईपर्यंत कारभाऱ्यांस स्वस्थता लाभली नाही. नरसिंह चिंतामण केळकरांनी या प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले, ते उगाच नव्हे. त्या माणसाने चोरले ते केवळ एक नाव नव्हते. रणात पडलेल्या, स्वतः येऊन 'हा मी नव्हे' असे म्हणू न शकणाऱ्या पुरुषाचा अधिकार त्याने चोरला होता. खोटे मतदान बहुधा याच जातीचे असते. ते मृताच्या किंवा परगावी असलेल्याच्या नावावर होते, म्हणजे ज्याला प्रतिवाद करता येत नाही त्याच्या नावावर. देवासच्या बँक नोट प्रेसमधून निघालेली नोट ज्याच्या हाती असेल त्याची होते आणि तिचे मोल तसूभरही घटत नाही. मत मात्र ज्याचे आहे त्याच्याच हातून पडले तर मत, एरवी ती चोरी. म्हणून मेलेल्यांची नावे यादीतून काढा, दुबार नोंदी शोधा, समोरच्याला नाव विचारा, या मागण्यांत अपमान नाही.

पण तोतया खोटा ठरला तो कसा, हेही पाहिले पाहिजे. भाऊसाहेबांना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते अशा माणसांनी त्याची परीक्षा केली. सरकारने माणसे जमविली, प्रश्न विचारले, निर्णय दिला. मराठी राज्यात वतनाचा तंटा निघाला की हीच रीत असे. गोतसभा बसे, पाटील-कुळकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत सर्वांची साक्ष होई, आणि तिच्या महजरावर लिहिता न येणारा कुणबी नांगराची निशाणी करी. निरक्षराची साक्ष लेखी पुराव्याइतकीच भारदस्त मानणारी ती व्यवस्था होती, आणि मला तिच्याविषयी आदर वाटतो. परंतु तिचे गुणगान करताना एक गोष्ट लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल: गावाने ज्याला वेशीबाहेर ठेवले त्याची ओळखही गावाच्याच मर्जीवर राहत असे. आज देवासची लोकसभेची जागा अनुसूचित जातींसाठी आणि धारची अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तेथील ज्या मतदाराच्या हातात छायाचित्राचे ओळखपत्र आहे, त्याला केंद्राच्या दारात 'हा आमच्या गावचा' असे पाटलाने म्हणण्याची वाट पाहावी लागत नाही. कागदाने ही मुक्ती दिली आहे, आणि ती थोडी नव्हे. बुद्धिवान टीकाकारही कित्येकदा हे विसरतात.

मग कागद आणि साक्ष यांपैकी श्रेष्ठ कोण? माझे उत्तर असे की, दोन्ही प्रमाणेच आहेत आणि प्रमाण हे नागरिकाच्या सेवेसाठी असते. आपल्या निवडणूक नियमांच्या कर्त्यांना हे उमगले होते, असे दोन तरतुदींवरून दिसते. मतदान केंद्रावर एखाद्या प्रतिनिधीला समोरचा मतदार तोतया वाटला, तर त्याने दोन रुपये रोख अनामत ठेवून हरकत घ्यावयाची असते. केंद्राध्यक्ष दोहोंकडचा पुरावा तेथल्या तेथे पाहतो, आणि हरकत शाबीत झाली नाही तर मतदारास मत देऊ दिले जाते. म्हणजे संशयाचा लाभ जो उभा आहे त्याला. दुसरी तरतूद अशी की, आपल्या नावावर कोणी आधीच मत देऊन गेलेला आढळला, तरी खऱ्या मतदाराला हाकून देत नाहीत; ओळखीचे समाधान झाल्यावर त्याचे मत वेगळ्या पाकिटात राखून ठेवतात. हरकतीचा भार हरकतदारावर, हे या नियमांमागचे शहाणपण होय.

यादीच्या सखोल पुनरीक्षणात हाच शिरस्ता उलटा होण्याचा धोका आहे, आणि त्याचा जाच कोणाला होतो हे धार जिल्ह्यात फार स्पष्ट दिसते. कुक्षी आणि मनावर भागातील भिल्ल आणि भिलाला कुटुंबे पिके उरकली की मजुरीसाठी गुजरातेकडे जातात आणि सणांना, होळीपूर्वीच्या भगोरियाला, परत येतात. कारकून दारात येतो तेव्हा दाराला कडी असते, आणि पत्रकावर शेरा पडतो की स्थलांतरित. वास्तविक १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या विसाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, तात्पुरते बाहेर गेल्याने माणसाचे सामान्य निवासस्थान सुटत नाही. बिहारमध्ये २०२५ च्या ऑगस्टातील प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली, तेव्हा ती नावे कारणांसह जाहीर करावीत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला, आणि पुढे आधारही ओळखीसाठी स्वीकारावे असे सांगावे लागले. ते आधार देशात सर्वप्रथम वाटले गेले ते २०१० मध्ये, धारच्या दक्षिणेस सातपुड्यापलीकडे, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी. ज्यांच्या हाती एकही दाखला नाही त्यांनाच प्रथम ओळख द्यावी, हा त्या निवडीमागचा विचार मला अत्यंत योग्य वाटतो; तेथे शासन दाखला मागायला नव्हे, तर द्यायला गेले होते.

येथे मतदानाच्या विधीतील एक विलक्षण गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दारात नाव विचारतात, यादीत खूण करतात, बोटाला शाई लावतात, सही किंवा अंगठा घेतात; आणि आत गेल्यावर जे मत पडते त्यावर त्या माणसाचे काहीही चिन्ह राहू देत नाहीत. नाव, कुळ, वय, विद्या या सर्व उपाधी उंबरठ्यापर्यंत; त्यापुढे पवारांच्या वंशजाचे मत आणि त्यांच्या वाड्यात पाणी भरणाऱ्याचे मत यांत ईश्वरालाही भेद करता येऊ नये, अशी ही रचना आहे. ज्ञानमार्गी संतांनी जे साम्य पारमार्थिक म्हणून सांगितले ते व्यवहारात इतक्या निखळ रूपात अन्यत्र कोठे आढळते, हे मला सांगता येणार नाही. म्हणून उंबरठ्यावरची विचारपूस ही आत जाण्यासाठी आहे, आणि आत जाऊ न देणे हा तिचा हेतू ठरला तर सारा विधीच व्यर्थ जातो.

धार, देवास, इंदूर, उज्जैन येथील मराठी वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या घरातील कागद नीट असतात, कारण चार पिढ्या आपण दप्तरांत घालविल्या. प्रारूप यादी लागली की तीत केवळ स्वतःचे नाव पाहून परत येऊ नका. घरी काम करणाऱ्या बाईचे, गल्लीतल्या गवंड्याचे, गेल्या वर्षी सून म्हणून आलेल्या मुलीचे नावही पाहा, आणि नसेल तर अर्ज भरून द्या. नाव घालण्यासाठी नमुना ६ आणि दुरुस्तीसाठी नमुना ८ आहे, आणि दोहोंसाठीही पैसे पडत नाहीत.