हरकत कायद्याला, की चेहऱ्याला?

३१ जानेवारी २०२४. अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे टिकटॉकचे प्रमुख शोउ झी च्यू साक्ष देत होते. विषय होता मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेचा. सिनेटर टॉम कॉटन यांनी त्यांना विचारलं, तुम्ही नागरिक कुठले? सिंगापूरचा, असं उत्तर आलं. मग, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व कधी मागितलं होतं का? चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होतात का? च्यू पुन्हा पुन्हा सांगत राहिले, मी सिंगापूरचा आहे.

टिकटॉकला जाब विचारण्यासारखं बरंच होतं. काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकी पत्रकारांची माहिती चोरून पाहिल्याचं बाइटडान्स या टिकटॉकच्या मूळ कंपनीनेच डिसेंबर २०२२ मध्ये कबूल केलं होतं. या प्रकरणात नोकरी गेलेल्या चौघांपैकी दोघं चीनमध्ये होते, दोघं अमेरिकेत. शिवाय २०१७च्या चिनी गुप्तवार्ता कायद्याप्रमाणे तिथल्या संस्थांना आणि नागरिकांना सरकारी गुप्तचरांना सहकार्य करावंच लागतं. सरकारने माहिती मागितली तर कंपनी नकार देऊ शकेल का, हा रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर च्यू यांच्या पासपोर्टवरून मिळणार नव्हतं.

हीच गल्लत आपणही केली. १५ जून २०२० रोजी गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत आपले २० जवान शहीद झाले. २९ जूनला केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. ती योग्य की अयोग्य, यावर वाद घालता येतो. निदान रोख तरी ॲप्सवर होता. पण त्याच दिवसांत केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चायनीज खाद्यपदार्थ विकणारी हॉटेलं बंद करा, असं आवाहन केलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आपल्याकडच्या चायनीजच्या गाड्यांवर मंच्युरियन तळणारी पोरं इथलीच, आणि चिकन मंच्युरियनचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते नेल्सन वांग जन्माने कोलकात्याचे. त्याच वर्षी ईशान्येकडच्या मुलामुलींना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हिणवलं गेलं. त्यांच्याकडून कोणाच्या माहितीला धोका होता?

या वृत्तीला सत्तेची जोड मिळाली की काय होतं, हे १९६२ सालाने दाखवलं आहे. चीनशी युद्ध झालं आणि चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानातल्या देवली इथल्या छावणीत डांबलं गेलं. त्यांतल्या अनेकांचा जन्म भारतातलाच होता. काहींची सुटका व्हायला वर्षं लागली. संशयाला आधार होता तो वंशाचा.

म्हणून एक कसोटी लावावी. आक्षेपातलं देशाचं नाव बदलून पाहावं. आक्षेप तरीही टिकला तर तो खासगीपणाचा; नाव बदलताच विरला तर तो द्वेषाचा. आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने युरोपीय लोकांची माहिती अमेरिकेत नेल्याबद्दल मे २०२३ मध्ये मेटाला १२० कोटी युरोंचा दंड केला. मे २०२५ मध्ये त्याच आयोगाने टिकटॉकला ५३ कोटी युरोंचा दंड केला, आणि त्याचं मुख्य कारण होतं युरोपीय लोकांची माहिती चीनमधून पाहिली जाणं. दोन्ही वेळी प्रश्न एकच होता: माहिती जिथे पोहोचते तिथे तिला युरोपइतकं संरक्षण मिळतं का? कंपनी कोणत्या वंशाच्या माणसांची, हे कोणी विचारलं नाही.

परक्या मालकीबद्दल प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला वंशद्वेष्टा ठरवणं हीसुद्धा पळवाटच. सरकारला नकार देण्याची मुभा, स्वतंत्र न्यायालय, तक्रारीची सोय या गोष्टी देशागणिक बदलतात, म्हणून देश बघावाच लागतो. मात्र बघायचा तो त्याचा कायदा आणि त्याची सत्ता. त्या सत्तेचा जाच सर्वांत आधी सोसतात ते तिथलेच लोक. त्यांनाच आरोपी करण्यात कसला न्याय?

आणि हे प्रश्न घरीही विचारायला हवेत. कर्ज देणारी ॲप्स फोनमधले नंबर काढून घेऊन नातेवाइकांना धमकावत, तेव्हा ‘स्वदेशी’ असण्याने कोणाची अब्रू वाचली नसती. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा ॲप्सना संपर्क यादी आणि फोटोंना हात लावायची मनाई केली. मालक कुठलाही असो, मनाई एकच. उलट २०२३च्या आपल्या माहिती संरक्षण कायद्यात केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना त्या कायद्यातून सूट देऊ शकतं. चिनी कायद्यावर तावातावाने बोलणाऱ्या किती जणांनी या सवलतीबद्दल तोंड उघडलं?

सत्तेवर संशय घेणं हे नागरिकाचं काम आहे, मग ती बीजिंगची असो, वॉशिंग्टनची असो की दिल्लीची. माणसावर संशय घ्यायचा तर त्याने काय केलं ते दाखवावं लागतं. जन्मस्थळ हा पुरावा होत नाही.