चंद्र खरा की तक्ता?

वर्षाला ४ने भाग जातो का, १००ने जात नाही ना, आणि जात असेल तर ४००ने जातो का: लीप वर्षाची ही अट इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी प्रत्येकाने लिहिलेली असते. तिच्यामागे बांबेर्गचा जेझुइट गणिती क्रिस्टोफर क्लाव्हियस (१५३८–१६१२) उभा आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. मूळ योजना लिलियस या इटालियन वैद्याची. ती तपासली, तडीस नेली आणि मरेपर्यंत तिची बाजू लढवली ती क्लाव्हियसने.

जुनं कॅलेंडर १२८ वर्षांत एक दिवस चुकत होतं. १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. पण खरं भांडण ईस्टरचं होतं, कारण तो पौर्णिमेवर ठरतो. केप्लरचे गुरू मेस्टलिन यांच्यासारखे टीकाकार तुटून पडले. क्लाव्हियसने खऱ्या चंद्राऐवजी सरासरी चंद्राचा तक्ता वापरला होता. आकाशातली पौर्णिमा एका दिवशी आणि तक्त्यातली दुसऱ्या, असं अधूनमधून होणार हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने तक्ताच निवडला. कागद-लेखणी असलेल्या कुठल्याही पाद्र्याला, कुठल्याही गावी, तेच उत्तर आलं पाहिजे. (त्याचा शिष्य मातेओ रिची तेव्हा गोव्यात होता, हेही लक्षात घ्या.)

जर्मनीतल्या प्रोटेस्टंटांनी १७०० पासून खरा चंद्र धरला. परिणाम असा, की १७२४ आणि १७४४ साली एकाच देशात आठवड्याच्या अंतराने दोन ईस्टर झाले.

रत्नागिरीकरांना यात नवल वाटायला नको. टिळक पंचांग राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या ताऱ्यापासून मोजतं, इतर बहुतेक पंचांगं चित्रेवरून. फरक सुमारे चार अंशांचा, पण तेवढ्याने एखाद्या वर्षी अधिक महिना दुसरीकडे पडतो आणि त्या घरांचे गणपती महिनाभर आधी येतात.

मग जाणूनबुजून कमी अचूक नियम निवडणं अप्रामाणिक आहे का? माझा कल क्लाव्हियसकडे आहे. आमच्या धंद्यात 'चालतंय ना' म्हणून चूक गाडून टाकणारे पुष्कळ भेटतात. त्याने तसं केलं नाही. १६०३ साली भलाथोरला ग्रंथ छापून त्याने तक्त्याचं सगळं गणित आणि आक्षेपांची उत्तरं लोकांपुढे ठेवली. पृथ्वी मध्यभागी मानणारा हा म्हातारा गॅलिलिओची निरीक्षणं पाहून, आता खगोलांची मांडणी कशी करायची ते ज्योतिर्विदांनी बघावं, असंही छापून गेला.

खटकतं ते दुसरंच. 'सगळ्यांना एकच उत्तर' हे सगळ्यांना विचारून ठरलं नव्हतं. पोपचा हुकूम निघाला होता. इंग्लंडने तो १७५२ पर्यंत मानला नाही, कारण इंग्लंडला नकार देण्याची सोय होती. गोव्यात ती तारीख पोर्तुगीजांबरोबर आली, रत्नागिरीत १८१८ नंतर इंग्रजांबरोबर. गणित बिनचूक असेल, पण या किनाऱ्यावर ते कुणी कुणाला समजावून सांगितलं नाही. पंचांगांच्या भांडणात निदान दोन्ही बाजूंना बोलता तरी येतं.