बाबांसाठी ‘आर’

गोखिवऱ्यातल्या सातवीच्या एका मुलीची इंग्रजीची वही मध्यंतरी माझ्या हाती आली. तिचे बाबा इथल्याच एका गाळ्यात पॅकिंगचे काम करतात. ‘माझे बाबा’ या निबंधाचे पहिलेच वाक्य होते, ‘माय फादर आर वर्किंग इन गाला.’ ‘आर’भोवती लाल गोल होता आणि वर ‘इज’ लिहिले होते. पुढच्या ओळीत पुन्हा ‘आर’, पुन्हा गोल. मी मोजले, एका पानावर अकरा गोल होते.

त्या ‘आर’पाशी मी बराच वेळ थांबले. मराठीत आई येते, पण बाबा येतात. बाबांना ‘अहो’ म्हणणारे लेकरू त्यांना एकवचनात कसे बसवील? इंग्रजीत शिरताना तिने घरचा आदर सोबत नेला होता. गोखिवऱ्याच्या वर्गांत बरीच मुले घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारी असतात. त्यांच्याही वह्यांत हाच ‘आर’ सापडतो, कारण हिंदीतही पापा ‘आते हैं’. म्हणजे ही चूक निष्काळजीपणाची नाही. तिच्यामागे एक पक्का नियम आहे, फक्त तो दुसऱ्या भाषेचा आहे. लाल गोलाने मुलीला चुकले एवढे कळले, का चुकले ते कळलेच नाही. ‘आपण आदराने बहुवचन वापरतो, इंग्रजी मात्र एका माणसाला एकच धरते, मग तो कितीही मोठा असो’, एवढे तिला मराठीत सांगितले असते तर अकरातले निदान सहा गोल वाचले असते.

अशा जागा आणखीही आहेत. ‘गाला’च्या आधी ‘अ’ राहून गेला, कारण मराठीत तशी उपपदे नाहीतच. ‘आई म्हणाली की मी येते’ या वाक्यात आपण आईचा ‘मी’ तसाच ठेवतो. मुलाने तो इंग्रजीत तसाच उतरवला की येणारी व्यक्तीच बदलते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिच्यात स्वतःचे काही लिहायला फारशी जागा नव्हती, पण दोन भाषा शेजारी ठेवून बघण्याची सवय तिने लावली. आज इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द काढायलाही शिक्षक बिचकतात, हे मला नुकसान वाटते.

त्याच वहीत पुढे रजेचा अर्ज होता, फळ्यावरून उतरवलेला. ताप आला आहे, दोन दिवसांची रजा मिळावी. एकही गोल नाही, खाली ‘व्हेरी गुड’. वर्गातल्या प्रत्येक वहीत हाच ताप, हीच तारीख. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचे. वर्षे वाढली, पण दहावीपर्यंत पोचलेल्या कितीतरी मुलांनी स्वतःच्या मनातले एक पान इंग्रजीत लिहिलेले नसते. माझ्या लेखी त्या वहीतले खरे लेखन अकरा गोलांच्या पानावर होते.

चुका दुरुस्त करून लेखन सुधारते का, यावर अभ्यासकांतही वाद झाला आहे. १९९६ मध्ये जॉन ट्रस्कॉट यांनी व्याकरणाच्या अशा दुरुस्त्या निरुपयोगी, किंबहुना घातक ठरवल्या. डॅना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्यांना उत्तर दिले. निवडक आणि स्पष्ट दुरुस्ती उपयोगी पडू शकते, असे त्यांचे म्हणणे. मला फेरिस पटतात, ‘निवडक’ या एका शब्दासाठी. साठ वह्यांचा गठ्ठा घरी नेणाऱ्या शिक्षकालाही तोच शब्द परवडणारा आहे. या आठवड्यात फक्त ‘इज’ आणि ‘आर’ बघायचे, बाकी सगळे सोडून द्यायचे. आणि तेच पान मुलाकडून पुन्हा लिहून घ्यायचे. दुसऱ्यांदा लिहिताना जे शिकले जाते ते गोल बघून शिकले जात नाही.

त्या निबंधात शेवटी मुलीने लिहिले होते की बाबा रोज खोक्यांवर ‘फ्रॅजाइल’ची लेबले चिकटवतात. एकदा त्यांनी तिला त्याचा अर्थ विचारला, तिने शब्दकोशात पाहून सांगितला. तेव्हापासून बाबा ती खोकी हळू ठेवतात. या तीन ओळींत चार गोल होते. मजकुराबद्दल मात्र एक शब्दही नव्हता.

शिक्षकहो, उद्या वह्या घ्याल तेव्हा पहिल्यांदा पेन बाजूला ठेवून नुसते वाचा. मुलाने काय सांगितले आहे, त्याला उत्तर म्हणून एक ओळ लिहा. ‘इज’ आणि ‘आर’ त्यानंतर बघा.